पाणी जरा कमी करता येईल का?

माझा धंदा विम्याचा. औसा आणि आसपासच्या खेड्यांत गेली कित्येक वर्षं मी लोकांच्या ओसरीवर बसून त्यांना मरणाची आठवण करून देत आलो आहे. वीज पडते, साप चावतो, ट्रॅक्टर उलटतो, विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो, हे सगळं मी इतक्या वेळा आणि इतक्या गोड आवाजात सांगितलं आहे की आता मला स्वतःलाच दुसरं काही दिसत नाही. जिना दिसला की आधी त्यावरून पडलेला माणूस दिसतो. असल्या माणसाने मे महिन्याच्या सुटीत रबरी होडीत बसून नदीच्या खळाळातून जावं, हे त्याच्या बायकोशिवाय दुसऱ्या कुणालाही सुचलं नसतं.

बायकोचं नाव कुसुम. आदल्या वर्षी तिच्या छातीतून गाठ काढली. सोलापूरला ऑपरेशन झालं, मग औषधं, मग केस गेले, मग परत आले ते चक्क कुरळे. चैत्रात डॉक्टर म्हणाले, "आता सहा महिन्यांनी दाखवायला या, तोवर मजेत जगा." कुसुमने त्यातलं 'मजेत जगा' ऐकलं आणि मी 'सहा महिन्यांनी' ऐकलं. आमच्या घरातली त्यानंतरची सगळी भांडणं एवढ्यात आली. ती घागर उचलायला वाकली की मी म्हणायचो, नको. ती गच्चीवर पापड घालायला निघाली की म्हणायचो, नको, ऊन आहे. शेजारच्या लग्नात नाचली तर नको, दमशील. एकदा ती मोठ्याने हसली तेव्हाही माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, तेव्हा मात्र तिने हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं होतं.

अशात तिच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, येडगावहून फोन आला. अक्काच्या पुतण्याने नदीत राफ्टिंग सुरू केलंय, आवर्तन सुटलंय, आठ दिवस पाणी आहे, या. मी आतल्या खोलीतून 'नको' म्हणेपर्यंत कुसुमने 'येतो' म्हणून फोन ठेवला होता.

"तुझा हात?" मी म्हणालो. ऑपरेशनच्या बाजूचा तिचा डावा हात अधूनमधून सुजायचा.

"डॉक्टरांनी हात हलवत राहायला सांगितलंय," ती म्हणाली. "वल्हं मारताना हलतोच की."

येडगाव

औसा ते नारायणगाव एस.टी.ने जाणं काय असतं ते ज्याच्या त्याच्या कमरेला ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. अक्काच्या दारात पोचलो आणि तिने आमच्या पायांवर पाण्याची अख्खी बादली ओतली. आमच्याकडे मे महिन्यात पाहुण्याला तांब्या देतात आणि तो किती रिकामा झाला ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात. इथे ते पाणी अंगणातून वाहत जास्वंदीच्या आळ्यात गेलं आणि कुणी तिकडे वळूनही बघितलं नाही. माझा जीव मात्र त्याच्याबरोबर आळ्यापर्यंत गेला.

आवर्तन म्हणजे काय ते मला तिथेच नीट कळलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं, जुन्नरकडे ते आवर्तनाने येतं. धरणाचे दरवाजे ठरलेल्या दिवसांपुरते उघडतात आणि कालव्यात, कधी कुकडी नदीतही पाणी सोडतात. मग काठावरच्या गावांचे बंधारे भरून घेतात, मोटारी चालू होतात, उसाला पाणी जातं. एरवी मे महिन्यात जिथे मेंढरं चरतात, तिथे आठ दिवस खरीखुरी नदी वाहते. ते दिवस गेले की पुन्हा दगडगोटे. म्हणून राफ्टिंग करायचं तर त्याच आठ दिवसांत.

जेवायला मासवडी होती. बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं आणि लसणाचं सारण भरून गुंडाळी करतात, वड्या कापतात आणि जाळ रश्शात बाजरीची भाकरी कुस्करून त्याच्याबरोबर खातात. नावात मास असलं तरी माशाशी संबंध फक्त आकारापुरता. मी तीन वेळा रस्सा घेतला. घाबरलेल्या माणसाला भूक फार लागते, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

माझे साडू बाळासाहेब समोर बसले होते. ऊस, टोमॅटो, थोडी द्राक्षं असलेला खाऊनपिऊन सुखी माणूस. आवाज शिवारभर जाईल असा आणि मनही तेवढंच मोठं. पाहुण्याने नुसतं आभाळाकडे बघितलं तरी ते छत्री आणून देतील.

"पावणं, तुमी नदीत बसणार म्हणं?"

"तुम्ही नाही येणार?"

"आमी? आमच्या सात पिढ्या या नदीच्या काठाला गेल्या, राव. एकबी माणूस हौसेनं पाण्यात उतरला न्हाई. आमी मोटरसायकलवर कडंकडंनं येतो. कोणी वाहून चाललं तर वळखायला घरचं माणूस नको का?"

अक्काने त्यांना डोळे दाखवले. कुसुम हसली. मी भाकरीचा तुकडा पुन्हा ताटात ठेवला.

पुतण्या नवनाथ जेवण झाल्यावर आला. पंचविशीतला, उन्हाने रापलेला, गळ्यात शिट्टी. कोकणातल्या एका नदीवर दोन-तीन वर्षं हेच काम करून आलेला. जुनी राफ्ट विकत घेऊन त्याने घरच्या नदीवर हा उद्योग मांडला होता.

"काका, भ्यायचं काम न्हाई. आपली नदी म्हंजे बालवाडी. पयल्यांदा बसणाऱ्यांसाठीच हाये ही."

"बालवाडीतही पोरं पडतात," मी म्हणालो. मग धंद्याचा प्रश्न विचारला. "होडीचा विमा आहे का?"

"हाये की."

"आणि माणसांचा?"

नवनाथने थोडा विचार केला. "माणसांना जॅकेट हाये," तो म्हणाला.

उन्हं कलल्यावर कुसुम आणि अक्का चिंचेखाली गप्पा मारत बसल्या आणि मी बाळासाहेबांना विहिरीकडे बाजूला घेतलं. मनात होतं ते सरळ बोलून टाकलं. म्हटलं, बाळासाहेब, कुसुमला सांगू नका, पण मला भीती वाटतेय. तिचं आत्ता कुठे सावरलंय. परवा आम्ही नदीत उतरू तेव्हा ते पाणी जरा कमी करता येईल का?

बाळासाहेब खो खो हसले. "धरण काय माज्या बापाचं हाये व्हय? आवर्तन वरनं ठरतं, पावणं." मग माझं तोंड बघून त्यांचं हसू मावळलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पर बघतो. खालच्या बंधाऱ्यावर आपलीच माणसं हायेत. तुमी बिनघोर झोपा."

आणि मी खरंच बिनघोर झोपलो. पुढचं ठाऊक असतं तर झोपलो नसतो.

ओझर

दुसऱ्या दिवशी आधी ओझरला गेलो. अष्टविनायकांतला विघ्नहर तिथलाच, आणि माझ्यासारख्याला याहून सोयीचा देव दुसरा कोणता? दीपमाळेपाशी चपला काढल्या. गाभाऱ्यासमोर हात जोडून मी इतका वेळ उभा राहिलो की मागच्या माणसाने खाकरून दाखवलं. मी देवाला सगळं तपशीलवार सांगत होतो: दगड, भोवरा, जॅकेटचा बंद सुटणं, हाताला सूज.

बाहेर आल्यावर कुसुमला विचारलं, "तू काय मागितलंस?"

"म्हटलं, उद्या यांना जरा धरून ठेव."

देवळाच्या मागेच धरणाच्या फुगवट्याचं पाणी पसरलेलं आहे. संथ, हिरवट, पलीकडे ऊस. नवनाथने तिथे आमचा सराव घेतला. 'फॉरवर्ड' म्हटलं की वल्हं मारायचं, 'स्टॉप' म्हटलं की थांबायचं, 'डाऊन' म्हटलं की राफ्टच्या तळाशी बसायचं. पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही, उताणं तरंगायचं, पाय पुढे, नाक वर. पडलेल्याला आत घ्यायचं ते हाताला धरून नाही, जॅकेटच्या खांद्यांना धरून मागे रेलायचं, म्हणजे माणूस आपोआप आत येतो.

कुसुमने अक्काच्या सुनेचा पंजाबी ड्रेस घातला होता. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला साडीशिवाय कधी बघितलं नव्हतं. जॅकेटचा पट्टा ऑपरेशनच्या जागी रुतत होता, तर तिने रुमालाची घडी करून मध्ये घातली आणि मला दिसू नये म्हणून पाठ फिरवली. मला दिसलंच. त्या क्षणी मला वाटलं, सगळा पोरकटपणा सोडून हिला हाताला धरून घरी न्यावं आणि दार लावून घ्यावं.

"आता एकेकानं पाण्यात उडी मारायची," नवनाथ म्हणाला. "जॅकेट तारतं का न्हाई ते आपलं आपल्याला पटाया पायजे."

"मला पटलंय," मी म्हणालो.

कुसुमने नाक दाबलं, डोळे मिटले आणि माझ्याकडे न बघता धाडकन उडी मारली. क्षणभर नुसतं पाणी. मग तिचं लाल हेल्मेट वर आलं आणि ती खोकत, थुंकत हसायला लागली. "अहो, बुडतच नाही मी!" ती ओरडली. "बुडायचं म्हटलं तरी बुडत नाही!" काठावर मेंढरं पाजायला आलेल्या धनगराच्या बायका थांबून बघत होत्या. त्यातली एक तोंडाला पदर लावून दुसरीला म्हणाली, "बाई लई धिटाची हाये गं. मालक लई भित्रं दिसत्यात."

मी मालक. दोन्ही हातांनी राफ्टची दोरी धरून बसलेला.

नदी

तिसऱ्या दिवशी सकाळी धरणाच्या खाली, पाणी जिथे मोकळं होतं तिथून निघालो. राफ्टमध्ये आम्ही दोघं, सुकाणूला नवनाथ आणि वल्ही मारायला त्याचे दोन दोस्त, संतोष आणि भरत. दोघं पारगावच्या साखर कारखान्यात कामाला. गाळप हंगाम संपलेला, म्हणून मोकळे. अंगाने धिप्पाड आणि मांड्यांवर थापा मारून बोलणारे. त्यांना बघून मला जरा धीर आला. बाळासाहेब काठावरच्या कच्च्या रस्त्याने मोटरसायकलवर. निघताना त्यांनी मला अंगठा दाखवून डोळा मिचकावला.

पहिला खळाळ आला तेव्हा मला कळलं की नदीला आवाज असतो. आमच्या तेरणा नदीला मी ओळखतो, पण ती उन्हाळ्यात तोंडातून शब्द काढत नाही. इथे आधी गुरगुर ऐकू आली, मग पुढचं पाणी एकदम खाली वाकलं आणि नवनाथ ओरडला, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" राफ्ट नाक खाली करून घुसली, अंगावर गार पाण्याची चादर आली, पार्श्वभाग हवेत गेला आणि परत खाली आला. माझं वल्हं पायाशी पडलेलं. माझे दोन्ही हात दोरीवर. मी काहीतरी स्तोत्र म्हणत होतो, त्याची पहिली ओळ दुसऱ्या कुठल्यातरी स्तोत्राची होती.

कुसुम माझ्यापुढे बसून वल्हं मारत होती. उजवीकडून चार वेळा, मग बाजू बदलून डावीकडून. डावा हात वर जात होता, खाली येत होता. मी त्या हातावरून नजर काढली नाही. बाहेर काय देखावा होता म्हणून विचाराल तर मला थोडंच आठवतं: करंजाची झाडं, एका ठिकाणी पाण्यात अर्धी बुडालेली पंपाची मोटार बाहेर ओढणारी माणसं, उसाच्या शेंड्यांवर बसलेला बगळ्यांचा थवा. आणि उन्हाची तिरीप कुसुमच्या ओल्या मनगटावर.

तासाभराने बंधारा लागला. गावाचं नाव सांगत नाही, माणसं फार चांगली आहेत. नदीवर आडवी दगडी भिंत, तिला ओळीने मोऱ्या. त्या मोऱ्यांत लोखंडी पत्रे सरकवले की पाणी अडतं, काढले की सुटतं. या पत्र्यांना तिकडे ढापे म्हणतात. आवर्तनाचं पाणी आधी खालच्या गावांना जायचं म्हणून बरेचसे ढापे काढून काठावर रचलेले होते. राफ्ट खांद्यावर घेऊन आम्ही बंधाऱ्याला वळसा घातला. गावातली बरीच माणसं तिथे उभी होती. त्यांचे म्होरके एक पांढऱ्या मिशांचे तात्या. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं.

"बाळासायबाचं साडू ते हेच का?"

"होय."

"आजाबात काळजी करू नका," तात्या म्हणाले. "आमी हायोत."

मला फार बरं वाटलं. या भागातले लोक किती मायाळू, असं मी कुसुमला म्हणालोही.

बंधाऱ्याखाली दोन वळणं गेलो. मग काहीतरी बिघडलं. आधी आवाज कमी झाला. मग दगड वर यायला लागले, एकेक करून, ओल्या पाठीचे. राफ्टच्या बुडाला खरखर लागली, ती अडली, संतोष-भरतने खाली उतरून ढकलली, पुन्हा अडली. थोड्याच वेळात आम्ही नदीच्या मधोमध गोट्यांवर बसलो होतो आणि आजूबाजूला घोट्याएवढं पाणी होतं.

"आयला," नवनाथ म्हणाला. "पाणी गेलं कुठं?"

मला अंदाज आला होता आणि खरं सांगतो, मनातून मी खूश झालो होतो. बाळासाहेबांनी शब्द पाळला.

नवनाथने मोबाइल वर धरून गोल फिरवला. रेंज नव्हती. "मी वर जाऊन बघून येतो. तुमी हितंच थांबा, जॅकेट काढू नका," असं सांगून तो काठ चढून बंधाऱ्याकडे पळाला. संतोष आणि भरतने राफ्टच्या सावलीत अंग टाकलं. मी ओल्या चपला गोट्यांवर वाळत टाकल्या आणि राफ्टच्या कडेवर बसलो.

कुसुम उठली. खालच्या अंगाला, पात्राच्या मध्यावर एक मोठा सपाट खडक होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मी तिथे बसते जरा."

"नको," मी म्हणालो. "नवनाथ म्हणालाय, इथेच थांबा. मी येऊ का बरोबर?"

"अहो, एकटी बसते. वर्षभरात मी एकटी बसले नाहीये. न्हाणीतसुद्धा तुम्ही दाराबाहेर उभे असता."

ती पाण्यातून चुबुक चुबुक करत गेली, खडकावर चढली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. मग तिने हेल्मेट काढलं. घरी ती केसांवरून पदर ढळू देत नसे, अगदी माझ्यासमोरही. इथे अख्ख्या नदीसमोर तिने ते आखूड कुरळे केस बोटांनी मोकळे केले आणि मान मागे टाकली. मी बघत राहिलो. ती मला सुंदर दिसली, आणि हे तिला कधी सांगितलं नाही याचं वाईट वाटलं.

भित्रा माणूस कितीही सुखात असला तरी त्याचा एक डोळा धोक्यावर असतो. माझा डोळा चपलांवर होता. डावी चप्पल हलली. आधी वाटलं वारा आहे. मग ती चप्पल सावकाश फिरली आणि चालू लागली, आणि तिच्यामागून उजवी. माझ्या पायाशी घोट्याएवढं होतं ते पाणी पोटऱ्यांना लागलं. वरच्या वळणामागून तीच सकाळची गुरगुर ऐकू आली, पण आता ती जाड होती.

"संतोष!" मी ओरडलो. "पाणी!"

ते दोघं उठेपर्यंत राफ्ट तरंगली होती. दोघांनी आत उड्या टाकल्या, संतोष मागे सुकाणूवर गेला. वळणावरून पाणी आलं ते गढूळ, काटक्या आणि फेस घेऊन. माझ्यात आणि कुसुममध्ये मघाशी चालत जाण्याजोगं होतं तिथे आता नदी होती.

मी "अगं" म्हणून हाक मारली. जन्मभर तेवढंच म्हणत आलो. ती हाक खळाळात विरून गेली. मग मी छातीचा भाता करून "कुसुम!" म्हणून ओरडलो.

ती वळली, उभी राहिली. तिच्या पायांशी ठेवलेलं लाल हेल्मेट पाण्याने उचललं आणि घेऊन गेलं. खडकाचा वरचा भाग तेवढा कोरडा उरला होता. काठावर नवनाथ आमच्या बाजूला पळत येताना दिसला, हातात दोरीची पिशवी, शिट्टी फुंकत, पण तो लांब होता.

"काका, आपल्याला थांबता यायचं न्हाई," संतोष ओरडला. "धार वढतीया. खडकाच्या डाव्या अंगानं काढतो. काकींना सांगा, जवळ आलो की उडी मारायची!"

"खडकाला लावता नाही येणार?"

"उलटंल! उडीच मारायला सांगा!"

राफ्ट सुटली. मी पुढच्या कडेला गुडघ्यांवर होतो. खडक आमच्याकडे धावत येत होता. कुसुम पाण्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. वर्षभर हेच चाललं होतं. काहीही करायच्या आधी ती माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो. आता घागर नव्हती, गच्ची नव्हती. तिच्याशिवाय घरी जायचं या एका विचाराने मी इतका भ्यालो की सरावाने तोंडात 'नको' आलंच. ते तिथेच दातांत धरलं.

"उडी मार!" मी ओरडलो. "कुसुम, उडी मार!"

तिने नाक दाबलं आणि उडी मारली.

ती राफ्टच्या अलीकडे पडली, बुडाली आणि वर आली ती माझ्या हाताच्या टप्प्यात. मी दोरी सोडून दिली आणि तिला धरलं. हातात आला तो नेमका डावा दंड. मी चटका बसल्यासारखा तो सोडला.

"ओढा हो!" पाण्यातून कुसुम किंचाळली. "तुटत नाही तो!"

मग मात्र मी जॅकेटचे दोन्ही खांदे पकडले आणि शिकवल्याप्रमाणे सगळा मागे रेललो. ती माझ्या अंगावर आली आणि आम्ही दोघं राफ्टच्या तळातल्या पाण्यात पडलो. वर आभाळ झपाट्याने मागे सरकत होतं. ती खोकत होती, मी रडत होतो. पाण्यात भिजलेल्या माणसाचं रडणं कळत नाही म्हणतात, पण तिला कळलं. तिने माझ्या छातीवर हात ठेवला, डावाच, आणि म्हणाली, "झालं. झालं आता."

खालच्या वळणावर पाणी पसरलं, धार मऊ झाली. नवनाथने काठावरून दोरी फेकली, भरतने झेलली आणि आम्ही एका घाटाच्या पायऱ्यांना लागलो. नवनाथ पांढराफटक पडला होता. तो कुसुमच्या पाया पडला आणि पायरीवर बसला.

तेवढ्यात बाळासाहेबांची मोटरसायकल आली, मागे तात्या, आणि त्यांच्यामागे धापा टाकत निम्मं गाव. सगळ्यांच्या कपड्यांवर गंज आणि शेवाळ.

"आलं का पाणी?" लांबूनच तात्यांनी विचारलं. "पुरलं का?"

मग सगळा उलगडा झाला. आदल्या सांजेला बाळासाहेबांनी बंधाऱ्यावर निरोप दिला होता: माझे साडू जरा नाजूक काळजाचे आहेत, पाणी बेताने सोडा. माणसं पाहुण्याला मान देणारी. आम्ही खाली गेल्याबरोबर त्यांनी काठावर रचलेले ढापे मोऱ्यांत टाकले आणि कुकडी नदी माझ्यासाठी बंद केली. खालच्या गावाच्या वाट्याचं पाणी अडवलं म्हणून उद्या भांडण होणार, हेही त्यांना ठाऊक होतं. मग नवनाथ बोंबलत आला की पावणं मधेच अडकलं, पाणी पायजे. तात्या पुढचं स्वतःच सांगू लागले.

"आमी म्हणलं, पावण्याला पाणी कमी पडलं म्हंजे गावाची अब्रू गेली. आकडं लावलं अन् सगळंच ढापं उपसलं. एकदमच." मग कुसुमचे निथळते केस आणि माझे अनवाणी पाय बघून त्यांचा आवाज उतरला. "लई झालं का?"

बाळासाहेब मोटरसायकलचा आरसा पुसू लागले.

कुसुम माझ्याकडे वळली. "पाणी कमी करा म्हणून तुम्ही सांगितलं होतंत?"

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं ती चिडेल. तिने नुसता श्वास सोडला. "घरातलं पाणी वर्षभर अडवलंत," ती म्हणाली. "आता नदीचंही अडवायला निघालात होय?"

अक्काने डब्यात दिलेले लाडू भरतने बाहेर काढले. गावातल्या कुणीतरी किटलीतून चहा आणला. तो इतका गोड होता की दात शिवशिवले, तरी मी दोन कप प्यायलो. नवनाथ पायरीवरून उठला. तो म्हणाला, "काकी, हितनं रस्ता जवळ हाये. गाडीवरनं घरी सोडतो. पुढं एकच खळाळ राहिलाय, तो ऱ्हाऊ द्या." मी मनातल्या मनात मोटरसायकलवर बसलोसुद्धा होतो. कुसुम चहाचा कप दोन्ही हातांत धरून नदीकडे बघत होती.

तात्यांना मात्र आपली चूक दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नव्हतं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पावणं, तुमी स्वता सांगा. आता चूक व्हणार न्हाई. म्होरं जायचं आसंल तर पाणी कसं ठिऊ? निम्मं ढापं टाकू? का आजून कमी करू?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. एवढी माणसं माझा शब्द झेलायला उभी आहेत असं माझ्या धंद्यात कधी झालं नव्हतं.

"तिला विचारा," मी म्हणालो.

कुसुमने कप पायरीवर ठेवला. "जातंय तसं जाऊ द्या," ती तात्यांना म्हणाली. "खालच्या गावाचं पाणी आहे ते." मग नवनाथकडे वळली. "माझं टोपडं गेलं वाहून. दुसरं असलं तर दे."

दुसरं नव्हतं. संतोषने स्वतःचं काढून दिलं, ते तिला मोठं झालं, कपाळावर घसरायला लागलं. ती राफ्टमध्ये चढून पुढे बसली. मी तिच्यामागे बसलो. भीती होतीच, खोटं कशाला सांगू. पुढच्या वळणापलीकडून गुरगुर ऐकू येत होती. नवनाथ "फॉरवर्ड" म्हणाला तेव्हा माझे दोन्ही हात आपोआप दोरीकडे गेले. मी ते परत आणले, पायाशी सकाळपासून पडलेलं वल्हं उचललं आणि तिच्या वल्ह्याबरोबर पाण्यात घातलं.